भांडण नाही, तरी ट्रेबाहेर शू

प्रश्न: नवीन बोका आल्यापासून आमची थोरली मनी ट्रेबाहेर शू करते. दोघं भांडत तर नाहीत. काय करावं?

उत्तर: आधी डॉक्टरांकडून तिची लघवी तपासून घ्या; मूत्राशयाच्या दुखण्यातही असंच होतं. ते नसेल, तर बोका कुठे बसतो ते बघा. मला तर त्याचाच संशय येतो. ट्रेच्या वाटेवर तो नुसता पसरतो, नजर तिच्यावर रोखलेली, शेपटीचं टोक हलतंय, आणि ती आल्या पावली माघारी. ही अडवणूकच, फक्त बिनआवाजाची. दोन मांजरांना ३ ट्रे हवेत, तेही वेगवेगळ्या खोल्यांत. शेजारी शेजारी ठेवलेत, तर तो एका जागी बसून सगळेच अडवेल. जेवणाच्या वाट्या एकमेकांच्या नजरेआड ठेवा. आणि कृपा करून तिला रागावू नका, बिचारी आधीच धास्तावलेली आहे.