सहा ओळींची बातमी

पुण्यातल्या एका दैनिकात मी सव्वीस वर्षं परदेशाचं पान लावलं आणि २०१९ साली निवृत्त झाले. त्या पानाबद्दल तुम्ही अजून विचारता, हे माझं भाग्य. यंदा पत्रं बरीच आली. पाच निवडली आहेत.

मराठी वर्तमानपत्रात परदेश म्हणजे अमेरिका, पाकिस्तान आणि कुठलं तरी वादळ. बाकीचा आशिया जातो कुठे?
— निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक

केराच्या टोपलीत जातो. आणि टाकणारी मीच होते, त्यामुळे दुसऱ्या कुणाला बोल लावत नाही.

एक रात्र सांगते. ४ सप्टेंबर २०१७, सोमवार. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपतीच्या जाहिरातींनी माझं अर्धं पान आधीच खाल्लेलं. उरलेल्या जागेत उत्तर कोरियाचा अणुस्फोट होता, तो आदल्या दिवशी झालेला. चीनमधल्या शियामेनची ब्रिक्स परिषद होती आणि पंतप्रधान तिथे असल्यामुळे ती हलवता येत नव्हती. म्यानमारमधून नाफ नदी ओलांडून बांगलादेशात शिरणाऱ्या रोहिंग्यांचा फोटो होता, तो मी हट्टाने ठेवला. साडेनऊला बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीचं पान सोडायचं. तेवढ्यात वृत्तसंस्थेवर एक बातमी उतरली : कंबोडियातलं 'कंबोडिया डेली' हे चोवीस वर्षांचं वर्तमानपत्र आजपासून बंद. मी ती 'संक्षिप्त'मध्ये टाकली. सहा ओळी. मथळासुद्धा नाही, पहिले दोन शब्द तेवढे जाड केले. शहर आवृत्तीला एक जाहिरात उशिरा आली, तेव्हा त्या सहा ओळीही गेल्या.

दुसऱ्या रात्री, मिरवणुका रस्त्यावर असताना, बेंगळुरूहून गौरी लंकेश यांच्या हत्येची बातमी आली. अख्खं पहिलं पान फिरलं. घरी पोचेपर्यंत उजाडलं होतं. चहा घेताना त्या सहा ओळी आठवल्या. एका वर्तमानपत्राला मरताना मी जाहिरातीएवढीही जागा दिली नव्हती.

बंदी न घालता वर्तमानपत्र बंद कसं पाडतात? आणीबाणीत सेन्सॉर होता, ते समजतं. पण हल्ली "आर्थिक कारणांमुळे बंद" असंच वाचायला मिळतं.
— शिक्षिका, चिपळूण

बाई, बंदी ही जुन्या माणसांची पद्धत. १९९४ च्या जूनमध्ये सुहार्तो यांच्या सरकारने इंडोनेशियात 'टेम्पो' साप्ताहिक आणि आणखी दोन नियतकालिकं एका फटक्यात बंद केली. त्या बंदीचा परिणाम असा झाला, की त्याच वर्षी तिथल्या पत्रकारांनी सरकारमान्य संघटना धुडकावून स्वतःची स्वतंत्र संघटना काढली आणि सुहार्तो पायउतार झाल्यावर, १९९८ मध्ये 'टेम्पो' पुन्हा निघालं. बंदी घातली की वर्तमानपत्राला हौतात्म्य मिळतं. म्हणून आता बंदी कुणी घालत नाही. बिल पाठवतात.

'कंबोडिया डेली'ला कर खात्याने ६३ लाख डॉलरची थकबाकी दाखवली. मुदत महिन्याभराची. आधी हिशेब तपासा, मग मागा, असं म्हणायचीही सोय ठेवली नाही. भरता येत नसेल तर गाशा गुंडाळा, असं खुद्द पंतप्रधान हुन सेन यांनी जाहीरपणे सुनावलं. हे वर्तमानपत्र म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे येतो तसा मोठा कागद नव्हे. शाळेच्या प्रश्नपत्रिकेच्या आकाराची पानं. ६३ लाख डॉलर कुठून आणणार? मुदतीच्या आदल्या दिवशी, मध्यरात्र उलटताच, विरोधी पक्षनेते केम सोखा यांना घरातून उचललं. ती बातमी शेवटच्या अंकाची मुख्य बातमी झाली. उघड हुकूमशाहीकडे घसरण, अशा अर्थाचा मथळा होता. डेस्कवरची बाई म्हणून सांगते, आपलंच वर्तमानपत्र उद्या नसणार हे ठाऊक असताना त्या रात्री दुसऱ्याच्या अटकेची बातमी मुख्य लावायला वेगळं काळीज लागतं.

हाँगकाँगच्या 'ॲपल डेली'चं त्याहून साधं. २०२१ च्या जूनमध्ये पाचशे पोलीस कचेरीत शिरले, संपादकांना अटक झाली आणि कंपनीची खाती गोठवली. छापू नका, असं कुणी म्हटलं नाही. पण पगार कशातून द्यायचा? कागदाचं, वीजेचं बिल कशातून? आठवड्याभरात, २४ जूनला शेवटचा अंक निघाला. एरवी ऐंशी हजारांच्या आसपास छापणाऱ्यांनी त्या रात्री दहा लाख प्रती काढल्या आणि लोकांनी मध्यरात्रीपासून स्टॉलवर रांगा लावल्या. त्या रांगांचे फोटो बघून मला भरून आलं, आणि लगेच एक वाईट विचारही आला : यातल्या निम्म्यांनी जरी रोज अंक घेतला असता तर? मग स्वतःलाच गप्प केलं. खाती गोठल्यावर खपाने काही झालं नसतं.

तिसरी तऱ्हा सगळ्यांत गुळमुळीत. काठमांडूचं 'हिमाल साउथएशियन' हे दक्षिण आशियाचं नियतकालिक. त्यांच्या नकाशात श्रीलंका वर आणि हिमालय खाली. मी तो नकाशा डेस्कच्या भिंतीवर लावला होता आणि नवा आलेला प्रत्येक मुलगा तो काढून सुलटा लावायचा. त्या नियतकालिकाला नेपाळमध्ये ना खटला भरला, ना कुलूप ठोकलं. परदेशी सहकाऱ्यांचे परवाने अडकले, पैशांच्या मंजुऱ्या टेबलावर पडून राहिल्या. सरकारी कचेरीत "साहेब जागेवर नाहीत" हे वाक्य ज्याने ऐकलंय, त्याला पुढचं सांगायला नको. २०१६ मध्ये ते थांबलं आणि २०१८ मध्ये कोलंबोहून पुन्हा सुरू झालं. कोलंबोहून! जिथे २००९ च्या जानेवारीत 'संडे लीडर'चे संपादक लसंथा विक्रमतुंगे यांना कामावर जाताना भर रस्त्यात मारलं, त्याच शहरात. दिवस फिरतात ते असे.

माझ्या मुलाला थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी लागली आहे. एजंट म्हणतो, महिना ऐंशी हजार, राहणं-खाणं फुकट, आधी पर्यटक म्हणून जायचं, पुढचं कंपनी बघेल. तुम्ही परदेशाचं पान बघत होता म्हणून विचारतो. पाठवू का?
— एक वडील, मिरज तालुका

नाही. दादा, हे उत्तर मासिकात छापून यायची वाट न बघता मी तुम्हाला त्याच दिवशी टपालाने कळवलं आहे. इथे देते ते इतर आईवडिलांसाठी.

पर्यटक म्हणून शिरलेल्या माणसाला थायलंडमध्ये नोकरी करता येत नाही, बात तिथेच संपली. पुढे काय होतं ते असं : बँकॉकच्या विमानतळावर गाडी घ्यायला येते. ऑफिस जवळच आहे, असं सांगतात आणि गाडी पाचशे किलोमीटर दूर, सीमेवरच्या मे सोटला जाते. तिथून मोई नदी ओलांडली की म्यानमारचं म्यावाडी. उंच भिंतींच्या आत इमारती, दारावर बंदूकवाले. पासपोर्ट काढून घेतात. मग दिवसाचे पंधरा-सोळा तास खोट्या नावाने, खोट्या फोटोने अनोळखी माणसांशी गोड बोलायचं आणि त्यांना बोगस गुंतवणुकीत उतरवायचं. चिनी टोळ्या त्याला डुक्कर कापणं म्हणतात. आधी खाऊ घालून माजवायचं, मग सुरी. ठरलेलं गिऱ्हाईक मिळालं नाही की मार. सुटायचं असेल तर घरच्यांकडून खंडणी. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२३ मध्ये अंदाज दिला, की म्यानमारमध्ये किमान एक लाख वीस हजार आणि कंबोडियात सुमारे एक लाख माणसं अशी डांबलेली असावीत. २०२५ च्या मार्चमध्ये हवाई दलाच्या एकाच विमानाने मे सोटहून २८३ भारतीय परत आणले. त्यांच्याही एजंटाने डेटा एंट्रीच म्हटलं असणार. "पुढचं कंपनी बघेल" हे म्हणणं मात्र त्याने खरं करून दाखवलं.

परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. तुमच्या एजंटाचं नाव त्यात नसेल तर त्याला पोलीस ठाण्यात नेऊन बसवा. असेल, तरी नोकरीचा व्हिसा हातात आल्याशिवाय मुलाला घराबाहेर सोडू नका.

आता मूळ विषयाकडे, कारण तो इथेच आहे. हे सगळं आपल्याला कळलं कसं? दूतावासांनी पत्रकं काढली, चित्रवाणीवाले पोचले, पण ते नंतर. त्याच्या आधी कंबोडियातले मोजके वार्ताहर सिहानूकव्हिलच्या तशाच इमारतींच्या भिंतीबाहेर उभे राहून आतल्या माणसांशी फोनवर बोलत होते. त्यांतले एक मेच दारा. पूर्वी 'कंबोडिया डेली'त. ते बंद पडलं. पुढे 'व्हॉइस ऑफ डेमॉक्रसी' या वृत्तसंस्थेत. २०२३ च्या फेब्रुवारीत तिचाही परवाना रद्द झाला. मग ते एकटेच लिहीत राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये चिथावणीच्या आरोपाखाली अटक झाली, महिन्याच्या आत जामीन मिळाला, आणि बाहेर आल्यावर त्यांनी पत्रकारिता सोडत असल्याचं सांगितलं.

म्हणजे मी कापलेल्या सहा ओळी फक्त कंबोडियातल्या नॉम पेन्हच्या नव्हत्या. त्या मिरज तालुक्याच्याही होत्या. भिंतीबाहेर उभा राहणारा माणूस गेला की आत कोण आहे, हे घरच्यांना खंडणीचा फोन आल्यावरच कळतं.

मंडाले म्हटलं की आम्हाला टिळक आठवतात. आजच्या म्यानमारमधल्या पत्रकारांशी त्याचा संबंध जोडणं ओढूनताणून होईल का?
— कायद्याची विद्यार्थिनी, कोल्हापूर

तू कायदा शिकते आहेस म्हणून थोडं आत शिरते. संबंध भावनेचा लावला तर ओढूनताणून होईल. कलमांचा लाव, आपोआप लागतो. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. त्यामुळे १८६० ची दंडसंहिता तिकडेही तीच आणि १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदाही तोच. इंग्रज गेले, कपाटं तशीच राहिली.

रॉयटर्सचे वा लोन आणि चॉ सो ऊ हे दोन वार्ताहर म्यानमारच्या राखाइन प्रांतातल्या इन दिन गावात दहा रोहिंग्या पुरुषांच्या हत्येचा माग काढत होते. १२ डिसेंबर २०१७ ला पोलिसांनी त्यांना यांगोनच्या एका हॉटेलात जेवायला बोलावलं, हातात कागदाची गुंडाळी दिली आणि बाहेर पडताच, गुपित कागद सापडले म्हणून पकडलं. हा सापळा होता, असं पुढे एका पोलीस अधिकाऱ्यानेच कोर्टात सांगितलं. त्यालाही तुरुंग मिळाला. या दोघांना सात वर्षांची शिक्षा झाली. कायदा, १९२३ चा. पाचशेहून जास्त दिवस आत काढल्यावर ७ मे २०१९ ला माफी मिळून सुटले. ढाक्यात २०२१ च्या मेमध्ये आरोग्य खात्यातला भ्रष्टाचार बाहेर काढणाऱ्या 'प्रथम आलो' या दैनिकाच्या रोजिना इस्लाम यांना सचिवालयात पाच तासांहून जास्त वेळ अडकवून ठेवलं आणि अटक केली. तोच १९२३ चा कायदा. हाँगकाँगला 'स्टँड न्यूज'च्या दोन संपादकांना २०२४ मध्ये दोषी ठरवलं ते इंग्रजांच्याच काळातल्या राजद्रोहाच्या तरतुदीखाली. तिथे तर चीनचं राज्य आहे!

आपल्याकडे १२४ अ हे टिळकांवर लागलेलं राजद्रोहाचं कलम सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये थांबवून ठेवलं. नव्या न्याय संहितेत राजद्रोह हा शब्द नाही, पण कलम १५२ आहे. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाच आणि परीक्षेत नसलं तरी स्वतःसाठी टिपण काढ. १९२३ चा कायदा मात्र आपल्याकडेही अजून चालू आहे. आणि एक : परदेशातल्या पत्रकारांबद्दल हळहळताना राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे विसरू नकोस. त्यांना मारलं ते फेब्रुवारी २०२३ मध्ये. कोल्हापूरहून राजापूर म्हणजे अणुस्कुरा घाट उतरला की आलंच.

मागच्या एका उत्तरात तुम्ही लिहिलंत, की टिळकांना ज्या अग्रलेखांवरून शिक्षा झाली ते दोन्ही जून १९०८ चे. तपासून पाहा.
— निवृत्त ग्रंथपाल, ठाणे

तपासलं. चूक माझी. 'देशाचे दुर्दैव' हा 'केसरी'त १२ मे १९०८ ला आला. 'हे उपाय टिकाऊ नाहीत' तेवढा ९ जूनचा. मंडालेहून टिळक सुटले ते १९१४ च्या जूनमध्ये. माझ्या डोक्यात जून तिथून घुसला असावा. डेस्कवर असते तर हे प्रूफात पकडलं असतं, असं म्हणणार होते, पण माझ्याच हाताखालच्या मुलांनी असल्या चुका किती वेळा पकडून दिल्या ते आठवलं. दुरुस्ती या अंकात सहाव्या पानावर चौकटीत दिली आहे. मथळ्यासकट.