स्पिटफायर घ्यायचंय, पण कुणाचं?

प्रश्न : प्लास्टिकच्या विमानांची दोन-तीन सोपी किट जोडून झाली. आता दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, स्पिटफायर मार्क १, १/४८ मापात (खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याएवढं) घ्यायचं आहे. टामिया, एअरफिक्स आणि एडुआर्ड या कंपन्यांच्या किटांत नेमका फरक काय?

उत्तर : विमान तिन्हींतून सारखंच निघतं, सुमारे १९ सेंटिमीटर लांब. फरक जुळणीत आहे. आधी साचा कधीचा ते बघा. टामियाच्या याच विमानाचा एक साचा १९९०च्या दशकातला आहे, दुसरा २०१८चा. खोक्यावरच्या चित्रावर जाऊ नका, नवाच मागून घ्या. त्याचे भाग एकमेकांत अलगद बसतात, फटी बुजवायची पुट्टी जवळजवळ लागत नाही. तुमच्यासाठी आमची पसंती हीच.

एअरफिक्स स्वस्त पडतं. प्लास्टिक जरा मऊ, पॅनेल लाइन (पत्र्यांच्या जोडांच्या कोरलेल्या रेषा) रुंद. भाग स्प्रूपासून (तो धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या दांडीपासून) अगदी कडेला लागून कापायला जाल तर कडेचा लचका निघेल. दोन मिलिमीटर सोडून कापा, उरलेलं ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा. हात बसवायला मात्र उत्तम.

एडुआर्डचा साचा २०२०चा. रिव्हेटची ओळ न ओळ दिसते, पण जुळणी इतकी काटेकोर की आतल्या सांध्यावर रंगाचा थर राहिला तरी धडाचे दोन अर्धे मिटत नाहीत. चिकटवण्याआधी तिथला रंग ब्लेडनं खरवडावा लागतो. एडुआर्डच्याच प्रोफिपॅक आवृत्तीतले धातूचे पातळ भाग प्लास्टिकच्या गोंदानं चिकटत नाहीत, सुपरग्लू लागतो. हे पुढे, हात चांगला बसल्यावर घ्या.

कुठलंही घेतलं तरी स्पिटफायरची खरी परीक्षा पंख धडाला मिळतो तिथे. गोंद लावण्याआधी सुकं जोडून बघा. फट दिसली तर पुट्टीकडे धावू नका. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत, धडावरून, टेप ताणून लावा. पंख किंचित वर उचलले जातात आणि फट मिटते. समोरून बघत ताणा, जास्त ओढलंत तर पंख पक्ष्यासारखे उभे राहतील. मग पातळ गोंदाचा ब्रश सांध्याला नुसता टेकवा, गोंद आपणहून आत पळतो. बोट किंवा टेप सांध्यावर असेल तर तो त्याखालीही पळतो आणि बोटाचा ठसा प्लास्टिकमध्ये कायमचा उमटतो.

प्रश्न : डिकॅल (पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायची चिन्हं) सुकल्यावर कडेनं चंदेरी का दिसतात?

उत्तर : मॅट रंग खरखरीत असतो, त्याच्या खळग्यांत डिकॅलखाली हवा अडकते. आधी ग्लॉस वार्निश मारा, दिवसभर सुकू द्या (पावसाळ्यात दोन दिवस), मगच डिकॅल. वरून सॉफ्टनर (डिकॅल मऊ करणारं द्रावण) लावल्यावर डिकॅल सुरकुततं. घाबरून हात लावू नका, तासाभरात ते बसतं. तरी चंदेरी ठिपका उरलाच तर बारीक सुईनं टोचून तिथे सॉफ्टनरचा एक थेंब द्या.