'रक्त पातळ करायची गोळी' आणि पऱ्हाटीवरचा चिकटा

प्रश्न आलाय तो असा: ॲस्पिरिनला 'रक्त पातळ करणारी गोळी' म्हणावं का, आणि 'इन्फ्लमेशन'ला (इजा किंवा संसर्ग झाला की शरीर जी प्रतिक्रिया देतं तिला) सूज म्हणावं की दाह?

आमच्या दारव्ह्याकडे पातळ म्हणजे पाणी घालून कस घालवलेलं. वरण पातळ, ताक पातळ. शेजारचे काकाजी स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवून आले आणि पंधरा दिवसांत गोळी सोडून बसले. कारण काय, तर "माह्यं रगत पातय करून रायले, म्हून अंगात जोर नाई." स्टेंटनंतर गोळी अशी मनानं सोडणं जिवावर बेततं. समजावून त्यांना पुन्हा डॉक्टरकडे धाडलं, पण माझ्या मते घोटाळा शब्दानंच केला होता.

या गोळीनं रक्ताचा दाटपणा बदलतच नाही. प्लेटलेट, म्हणजे रक्तातल्या बारीक पेशी, एकमेकींना चिकटून गुठळी होते. ॲस्पिरिन ते चिकटणं मोडतं, क्लोपिडोग्रेल ही दुसरी गोळीही तेच करते, फक्त वेगळ्या वाटेनं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे ॲस्पिरिननं निकामी केलेलं, चिकटण्यासाठी लागणारं एन्झाइम तिला नव्यानं घडवता येत नाही. तिचं आठ-दहा दिवसांचं आयुष्य तसंच जातं. म्हणून तर रोजची ७५ मिलिग्रॅमची छोटी गोळी पुरते. आता पऱ्हाटीवर (कपाशीवर) मावा ही कीड पडली की पानांवर जो चिकटा येतो, तो इथं कोणाला सांगावा लागत नाही. 'रक्तातला चिकटा कमी करायची गोळी' म्हटलं तर काकाजींना एका वाक्यात कळलं असतं.

'सूज' मी टाळीन. हृदयरोग्याच्या पायावर सूज येते ती पाणी साचून; ती गोष्टच निराळी. 'दाह' बरा. मूळ लॅटिन शब्दातही आगच आहे. (जळजळ म्हणाल तर लोक ॲसिडिटी समजतील, आणि ॲस्पिरिननं तीही होते!) इथंही मामला चिकटण्याचाच: रक्तवाहिनीच्या अस्तराला पांढऱ्या पेशी चिकटतात, प्लेटलेट त्यांना जोड देतात, आणि आतला चरबीचा थर धुमसत राहतो. कोलेस्टेरॉलला हात न लावता नुसता दाह कमी केला तरी हृदयविकाराचे झटके घटतात, हे २०१७च्या कॅनाकिनुमॅब या दाह कमी करणाऱ्या औषधाच्या चाचणीत दिसलं.

दाहावरचं दुसरं औषध कोल्चिसिन. ते पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावतं, हृदयरोगासाठी ०.५ मिलिग्रॅमच्या गोळीला अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली. हेच कोल्चिसिन पावसाळ्यात कुंपणावर फुलणाऱ्या कळलावीतही असतं. तिचं संस्कृत नाव अग्निशिखा! कंद मात्र जहर आहे, खाल्ला तर माणूस दगावतो.