बटण बंद, तरी ईएलसीबी वर राहीना

(वायरिंगच्या तक्रारी : वाचकांचे प्रश्न, वायरमनची उत्तरं)

प्रश्न : काका, आमचं घर चिपळूणजवळच्या वाडीत आहे. पावसाळ्यात महिनाभर मुलाकडे ठाण्याला होते. परतल्यापासून मीटरजवळची ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) टिकत नाही. सकाळी वर जाते, दिवे-पंखे चालतात. मिक्सर लावला की पडते. इस्त्री लावली तरी पडते, खोली कुठलीही असो. संध्याकाळी तर काहीच न लावतासुद्धा वर राहत नाही. मिक्सर नवा आहे, गिझरचं बटण मी गेल्यापासून बंदच आहे. वायरमन म्हणतो, ईएलसीबी गेली, काढून डायरेक्ट करून देतो. देऊ का करायला?

उत्तर : ताई, डायरेक्ट मुळीच करून घेऊ नका. आणि मिक्सरला बोल लावू नका, तो बिचारा निर्दोष असावा. 'गिझरचं बटण बंदच आहे' हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. माझा पहिला संशय तिथेच आहे.

ईएलसीबीचं काम हिशेबनिसाचं. फेजमधून घरात गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला पाहिजे. कमी आला, म्हणजे कुठेतरी जमिनीत गळतोय, की ती पडते. घरच्या ईएलसीबीवर बहुधा ३० मिली अँपिअर लिहिलेलं असतं. झिरोचा बल्ब नावालाच झिरो, तो साधारण १५ वॅट खातो, म्हणजे ६५ मिली अँपिअर. त्याच्या निम्म्याहूनही कमी गळतीला ही पडते. १६ अँपिअरच्या एमसीबीला, म्हणजे जास्त लोड किंवा शॉर्ट झाला की पडणाऱ्या स्विचला, एवढ्याशा गळतीचा पत्ताही लागत नाही.

आता बटण. भिंतीवरचं साधं बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रलची वायर गिझरच्या एलिमेंटला जोडलेलीच राहते. एलिमेंटला चीर पडली असेल तर तो न्यूट्रल पाण्यातून, टाकीच्या पत्र्यातून अर्थिंगला टेकतो. मग परतीच्या करंटला दोन वाटा होतात, एक न्यूट्रलची आणि एक जमिनीतली. बल्बाचा करंट थोडा, त्यातला जमिनीत जाणारा वाटा किरकोळ, ईएलसीबी सोसून घेते. मिक्सर, इस्त्री लावली की वाटा वाढतो आणि ती पडते. लोक मिक्सर दुरुस्तीला नेतात! संध्याकाळचं कारणही हेच. सगळ्या वाडीचा लोड त्याच न्यूट्रलवर आला की न्यूट्रल आणि जमीन यांच्यात थोडे व्होल्ट उभे राहतात. तुम्ही काही लावा न लावा, शेजाऱ्यांचा करंट तुमच्या गिझरमधून जमिनीत उतरतो.

गुहागरला एका घरी मी पोचेपर्यंत नवी ईएलसीबी बसवून झाली होती आणि दोन मिक्सर उघडून झाले होते. मी फक्त गिझरचा प्लग उपटला. ईएलसीबी वर राहिली ती राहिलीच. एलिमेंट काढलं तर त्यावर बोटभर क्षार. खरवडल्यावर तांब्याच्या नळीला नखाच्या रेघेएवढी चीर दिसली. नळीत पांढरी पूड भरलेली असते, ती कोरडी असेपर्यंत उत्तम इन्सुलेशन. इथे ती ओली होऊन चुन्यासारखी झाली होती. मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावला, काटा शून्यावर, म्हणजे इन्सुलेशन संपलेलं.

तर तुम्ही असं करा. कोरडे हात, पायात चप्पल, मेन स्विच खाली. बटणं बंद करून भागायचं नाही, प्लग उपटायचे. गिझर, फ्रिज, वॉशिंग मशीन, पाण्याचा फिल्टर, पंप, सगळे. मग मेन चालू करा, ईएलसीबी वर करा आणि एक इस्त्री लावून ठेवा. इस्त्री हवीच, लोड नसेल तर हा दोष लपून बसतो. टिकली, की एकेक प्लग परत लावत जा, दर वेळी मेन खाली करून. ज्याच्या पाळीला पडली तो चोर. तुमचा गिझर प्लगशिवाय थेट जोडलेला असेल तर त्याच्या दोन्ही वायरी वायरमनकडून सोडवा, आणि पुन्हा जोडताना त्याला डबल पोलची एमसीबी बसवून घ्या. ती फेज-न्यूट्रल दोन्ही तोडते.

सगळे प्लग काढूनही पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये. आधी बाहेरचे पॉइंट बघायला सांगा : गेटचा दिवा, पडवीतला सॉकेट, विहिरीवरची लाइन. गेटच्या दिव्यातून मी कपभर पाणी आणि मुंग्यांचं अख्खं वारूळ काढलेलं आहे. हे काम मात्र लायसनवाल्या वायरमनचं. मेन बंद करून न्यूट्रल लिंकवरच्या (सगळे न्यूट्रल जिथे एकत्र जोडतात त्या पट्टीवरच्या) वायरी एकेक सोडवायच्या आणि ५०० व्होल्टच्या मेगरने तपासायच्या. एक मेगाओमच्या खाली आलेली लाइन मी चालू करत नाही.

ईएलसीबी स्वतः खराब होतच नाही असं नाही. बाहेर जाणाऱ्या दोन्ही वायरी सोडवूनही वर राहिली नाही तर ती गेली. मग नवी बसवा. 'टी' लिहिलेलं बटण दाबल्यावर पडली पाहिजे, हे वायरमन जायच्या आत त्याच्यासमोर बघा.

प्रश्न : ऐरोलीला फ्लॅट आहे. हॉलची एमसीबी वर ढकलतो पण खटका ढिला लागतो, अडकतच नाही. चिकटपट्टीने वर धरून ठेवली तर चालेल का?

उत्तर : चिकटपट्टी लावा नाहीतर दोरीने बांधा, दोष असेल तर आतले कॉन्टॅक्ट उघडतातच. ती तशीच बनवलेली असते.

पडल्यावर खटका पुष्कळदा मधेच थांबतो. आधी 'कट' आवाज येईपर्यंत पूर्ण खाली दाबा, मग वर. जास्त लोडने पडली असेल तर आतली पट्टी तापून वाकलेली असते, पाच मिनिटं थांबा. वर केल्या केल्या फटकन पडली तर शॉर्ट आहे, पुन्हा पुन्हा करून बघू नका. बाहेर जाणारी वायर सोडवूनही अडकत नसेल तर आतली यंत्रणा झिजली, बदला. बदलताना जुनी दुकानात न्या आणि आकडा तोच घ्या, सी १६ असेल तर सी १६. '१६ ची सारखी पडते, ३२ ची टाका' असं सांगणारे भेटतील. वायर तीच जुनी, मग एमसीबीच्या ऐवजी ती तापते, आणि तीही भिंतीच्या आत, जिथे कुणाला दिसत नाही.