तळावरची खूण शेवटी बघ

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तू विकत घ्यायला निघालायस त्या कप-बशीचे फोटो मिळाले. जवळजवळ सगळे तळाचेच आहेत: निळ्या रंगात एकमेकांत गुंफलेले दोन ‘एल’ आणि मध्ये ‘के’. हे मधलं अक्षर वर्ष सांगतं; ‘के’ म्हणजे १७६३, हे तू बरोबर शोधलंस. पण फ्रान्समधल्या सेव्रच्या कारखान्याचं पोर्सेलीन, म्हणजे चिनी मातीची भांडी, खरंच शिकायचं असेल, तर तळ सगळ्यात शेवटी बघायची सवय लाव. ती खूण कुंचल्याच्या चार फटकाऱ्यांत काढता येते आणि खोटी खूण काढणारे खूप होऊन गेले. माती, झिलई (वरचा काचेसारखा थर) आणि सोनं यांची नक्कल मात्र इतकी सोपी नाही.

आधी माती. पॅरिसजवळ व्हँसेनच्या किल्ल्यात १७४०मध्ये हा कारखाना सुरू झाला, १७५६मध्ये सेव्रला गेला आणि १७५९मध्ये पंधराव्या लुईने तो पूर्ण ताब्यात घेतला. राजाश्रय होता, उत्तम चित्रकार होते. नव्हती ती केओलीन, म्हणजे खऱ्या पोर्सेलीनची पांढरी माती. चीनकडे ती होती, जर्मनीत माइसेनच्या कारखान्याकडे होती. मग या लोकांनी वाळू, सोरा, मीठ, सोडा, तुरटी आणि जिप्सम एकत्र भाजून काचेसारखा गोळा केला, तो दळला, त्यात खडू आणि चुनखडीची माती मिसळली. या मिश्रणाला चिकटपणा जवळजवळ नसेच. आकार धरावा म्हणून त्यात काळा साबण घालत. भट्टीत भांडी खचायची, वाकायची, तडकायची. एवढं नुकसान सोसूनही त्यांनी ही मऊ माती सोडली नाही, आणि त्याचं कारण डोळ्यांना दिसतं.

या मातीवरची झिलई शिशाची, मऊ. रंगवलेलं भांडं पुन्हा भट्टीत गेलं की झिलई थोडी वितळते आणि रंग तिच्यात उतरतो. खिडकीशी उभा राहून भांडं तिरपं धर. फुलाची पाकळी वर चिकटवल्यासारखी दिसत नाही. ओल्या कागदावर जलरंग मुरावा तशी आत मुरलेली दिसते. १७५३च्या सुमाराला रसायनतज्ज्ञ झाँ एलो याने सिद्ध केलेला आकाशी निळा, ब्ल्यू सेलेस्त, त्या झिलईत एखाद्या ठिकाणी गडद साकळतो, एखाद्या ठिकाणी विरळ होतो. तो असमानपणा मला फार प्रिय आहे. १७६८मध्ये लिमोझजवळच्या सेंत-इरिये इथे केओलीन सापडली, तिच्यापासून कठीण पोर्सेलीन बनू लागलं आणि १८०४मध्ये ब्राँन्यार या संचालकाने मऊ माती बंदच केली. कठीण मातीची भांडी मजबूत, पांढरीशुभ्र, सफाईदार आहेत. पण तिथे रंग झिलईवर बसतो. मला विचारशील तर त्या बदलात फ्रान्सने काहीतरी मोलाचं गमावलं.

आता सोनं. सोन्याचा वर्ख मधात घोटून बारीक करत, कुंचल्याने लावत, भाजत आणि मग घासून झळाळी आणत. थर जाड असे, म्हणून त्यावर टोकदार हत्याराने पानांच्या शिरा, फुलांच्या रेषा कोरता येत. भिंग घेऊन त्या रेषा शोध. पातळ, सपाट, आरशासारखं चकचकीत सोनं दिसलं की थांब आणि पुन्हा बघ.

ताटली किंवा बशी उलटी केलीस तर खालच्या कडेत कधीकधी टाचणीएवढं छिद्र सापडेल. भट्टीत भांडं टांगण्यासाठी ते ठेवत. जेवणाच्या ताटलीवर सुरीचे बारीक ओरखडे असतील, तर त्यांची लाज नको. मऊ झिलईवर ते उठणारच.

आणि तुझ्या कपाचं खरं दुखणं: पानांचा हिरवा. फोटोत तो दाट, पिवळसर, अपारदर्शक दिसतो. अठराव्या शतकातला सेव्रचा हिरवा तांब्यापासून होत असे. असा दाट हिरवा क्रोमियम या धातूपासूनचा वाटतो, आणि क्रोमियमचा शोधच फ्रेंच रसायनतज्ज्ञ व्होकलँने १७९७मध्ये लावला. त्यापासूनचा हिरवा १७६३च्या कपावर येणार कसा? १८००नंतर कारखान्याने जुनी, न रंगवलेली पांढरी भांडी विकून टाकली. पॅरिस आणि लंडनच्या रंगाऱ्यांनी ती जुन्या धाटणीने रंगवून भारी किमतीला खपवली. म्हणजे माती अस्सल आणि रंगकाम मागाहूनचं, असंही असतं. क्ष-किरणांच्या तपासणीत भांड्याला धक्का न लावता क्रोमियम ओळखता येतं. ती होईपर्यंत पैसे देऊ नकोस. फोटोवरून मी निवाडा देत नाही, पण जोखीम तुझी आहे.

पुस्तकं नंतर वाच. आधी हैदराबादला सालार जंग संग्रहालयात जा. तिथे सेव्रची भांडी आहेत. आपल्याकडे सेव्र आलं ते केवळ हौशी संग्राहकांमुळेच नव्हे. १७८८मध्ये टिपू सुलतानाचे वकील सोळाव्या लुईच्या दरबारात गेले, तेव्हा त्यांना याच कारखान्याचं पोर्सेलीन भेट मिळालं होतं. पुढे कधी लंडनला गेलास तर वॉलेस संग्रह हे संग्रहालय चुकवू नकोस. दालनं भराभर पालथी घालू नकोस. एकाच भांड्यासमोर अर्धा तास उभा राहा, वहीत त्याचं चित्र काढ आणि सोन्याची कड रंगाला कुठे मिळते ते नीट नोंदव. ती पानं मला पाठव.