सगळं कृपेनंच होणार, मग आपण काय करायचं?

प्रश्न : मी हरिपाठ ऐकत वाढले. हल्ली शेजारच्या आंटीनं तिच्या पप्पांची जुनी ख्रिश्चन भक्तीची पुस्तकं दिली, इंग्लिशमधली. ग्रेसबद्दल, म्हणजे देवाच्या कृपेबद्दल, वाचायचं होतं पण पानापानावर मी नीच, मी पापी हेच, डोकं जड होतं. आणि सगळं देवाच्या कृपेनंच होणार तर माणसानं करायचं काय? मराठीत आहे का काही?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : ताई, आधी हे लेखक कोणाशी बोलतायत ते बघा. ख्रिश्चन संत ऑगस्टीनचं 'कन्फेशन्स' हे आत्मकथन घ्या, साधारण इ.स. ३९७ ते ४०० च्या सुमाराचं, अख्खं पुस्तक तो देवाशी बोलतोय, आपण नुसते बाजूला बसून ऐकतोय. पोरवयात मित्रांबरोबर पेअर चोरले, भूक नव्हती तरी चोरले आणि डुकरांना टाकले, यावर तो एवढं लिहितो की वाटतं, काय हा बाऊ! पण मिलानच्या बागेत तो रडला आणि ख्रिस्ताकडे वळला ते ३८६ साली, लिहायला बसला दहाएक वर्षांनी. म्हणजे कृपा आधी झाली आणि मग मागे बघताना पाप एवढं मोठं दिसलं. हा क्रम धरून वाचा, तेच पान वेगळं लागतं. तुकोबाही स्वतःला पतित म्हणतातच की, तिथं आपलं डोकं जड होत नाही कारण समोर पांडुरंग उभा आहे हे आपल्याला माहीत असतं.

इंग्लंडमधला प्रवचनकार जॉन बन्यन, त्याचं १६६६ चं आत्मकथन त्या ढिगात असेल तर मात्र थोडं थोडं वाचा. परवानगीशिवाय प्रवचनं केली म्हणून तुरुंगात असताना लिहिलंय, आज सुटल्यासारखं वाटतं, उद्या परत भीती, हे इतकं चालतं की मलाही दमायला होतं.

माणसानं काय करायचं यावर तर जेझुइट आणि डॉमिनिकन या दोन कॅथलिक संघांचे पाद्री रोममध्ये १५९७ ते १६०७ भांडत होते, शेवटी पोप पाचवे पॉल यांनी निकालच दिला नाही, फक्त एकमेकांना चूक ठरवू नका म्हणाले. तेव्हा ते कोडं सोडवूनच पुढचं पान उलटायचं असं काही नाही. आणि हे सगळे लेखक कृपा कृपा म्हणत स्वतः प्रार्थना, उपास, सेवा करतच होते, ते बघा.

मराठीत म्हणाल तर आपल्या गोव्यातल्या साष्टीतच आहे की! इंग्लंडहून आलेले जेझुइट पाद्री फादर स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण', म्हणजे ओव्यांत सांगितलेली बायबलची गोष्ट, १६१६ साली राचोलला छापलेलं, सुमारे अकरा हजार ओव्या. मूळ रोमन लिपीत, पण देवनागरीत निघालंय, पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत विचारा. पहिल्या ओवीपासून सुरू करू नका, अर्ध्यात सोडाल. त्याचे दोन भाग आहेत, त्यातल्या दुसऱ्या पुराणातला येशूच्या जन्माचा भाग काढा आणि पोथीसारखं मोठ्यानं वाचा, तिथं कृपेवर वाद घालत बसलेला कोणी नाही, गोष्टच आहे. मध्ये मध्ये कोकणी शब्द येतात, पुण्याचे वाचक तिथं अडतात, तुम्ही नाही अडायच्या.