वही आधी परत द्या

प्रश्न : मुलगा सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. खाडीवरच्या पुलाच्या साइटवर ट्रेनिंग केल्यापासून त्याला शीट पाइलचं, म्हणजे जमिनीत ठोकायच्या पोलादी पट्ट्यांचं, वेड लागलंय. पत्रे ठोकण्यात कसलं करिअर? मी कनिष्ठ अभियंता परीक्षेचा क्लास लावलाय, पण हा वहीत चित्रं काढत बसतो. वही सध्या माझ्या कपाटात आहे. पानांचे फोटो सोबत पाठवतोय. त्याला समजवा.
– एक वडील, सांगली

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र वाचून मला मुलाच्या करिअरपेक्षा त्या वहीची काळजी वाटली. मिसरूड फुटलेल्या मुलाची वही काढून घेऊन तुम्ही ती कुलपात ठेवलीत आणि तिचे फोटो पुरावा म्हणून मला पाठवलेत. अख्ख्या पत्रात त्याचं स्वतःचं असं एकही वाक्य नाही. त्याला काय व्हायचंय, हे तुम्ही त्याला विचारलंत का? क्लासची फी भरण्याआधी तरी?

फोटो मात्र पाठवलेत ते बरं झालं. समुपदेशनात येण्यापूर्वी मी काही वर्षं डिझाइन ऑफिसात काम केलंय, त्यामुळे ती पानं मला वाचता आली. तिसऱ्या फोटोत यू आणि झेड आकाराच्या शीट पाइल शेजारी शेजारी काढल्या आहेत. खाली लिहिलंय : ‘यूचे जोड भिंतीच्या मधोमध येतात, झेडचे बाहेरच्या कडांना. मग वाकताना जास्त ताकद कुणाची?’ काका, हा प्रश्न मी डिग्री झालेल्या मुलांकडूनही क्वचितच ऐकलाय.

‘पत्रे ठोकणं’ हा तुमचा गैरसमज मात्र मला दूर करू द्या. शीट पाइल म्हणजे एकमेकींत कडेने अडकवत जमिनीत उतरवलेल्या पोलादी पट्ट्यांची भिंत. आत माणसं काम करतात, बाहेर माती आणि भरतीचं पाणी दाबत असतं. 1902 मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेनचे अभियंता लार्सन यांनी यू आकाराची पाइल आणली, ती आजही वापरात आहे. सपाट प्रकार वाकण्यात कमजोर, पण त्याचे जोड ताण जबरदस्त सोसतात. म्हणून त्याचे गोल कप्पे करून आत वाळू भरतात. गरम लाटलेल्या पाइलचे जोड घट्ट बसतात, थंड वाकवलेल्यांतून पाणी जास्त झिरपतं. खाडीच्या मऊ चिखलात व्हायब्रो हॅमरने, म्हणजे थरथरवत खाली ढकलणाऱ्या यंत्राने, पाइल सरसर उतरते, पण आपल्या काळ्या पाषाणात ती शिरतच नाही. तिथे भोकं पाडून सीकंट पाइलची, म्हणजे एकमेकांत घुसलेल्या काँक्रीटच्या खांबांची, भिंत करावी लागते. कुठे काय वापरायचं, किती खोल न्यायचं, आतून टेकू किती द्यायचे, यातली चूक माणसांच्या जिवावर येते. तुमचा मुलगा ज्या पुलावर होता, त्याच्या पाण्यातल्या पायाचं काम अशाच भिंतीच्या आडोशाला होतं.

कनिष्ठ अभियंता परीक्षा वाईट नाही. डिप्लोमावर देता येते, त्याला हवी असेल तर देईल. पण मला विचाराल तर त्याने आधी डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यावा, मग गेट देऊन जिओटेक्निकलमध्ये, म्हणजे माती आणि पायाच्या अभियांत्रिकीत, एम.टेक. करावं. डिग्रीशिवाय या क्षेत्रात डिझाइनच्या टेबलापर्यंत पोचणं अवघड आहे. साइटवरचं आयुष्यही सोपं नाही : भरती-ओहोटीच्या वेळा पाळून रात्रीची कामं, घरापासून लांब राहणं, सुरुवातीला बेताचा पगार. हे त्याला नीट सांगा. पण वही लपवून नव्हे, समोर बसून.

एवढं केलंत की खालच्या ओळी त्याला वाचायला द्या.

बाळा, भिंत वाकते तेव्हा शेजारच्या पाइल एकमेकींवरून घसरायला बघतात. ही घसरण्याची ओढ भिंतीच्या मध्यावर सगळ्यात जास्त असते आणि यूचे जोड नेमके तिथेच असतात. ते सरकले तर प्रत्येक पाइल एकेकटी वाकते आणि हिशोबातली ताकद हाती लागत नाही. म्हणून दोन-दोन यू पाइल कारखान्यातच जोडावर दाबून किंवा वेल्ड करून घेतात. झेडचा मधला तिरका भाग अखंड असतो आणि तिचे जोड कडांना असतात, जिथे ही ओढ जवळजवळ नसते. आता वही उघड आणि हे आकृतीत बाण काढून दाखव. मला पाठव, मी तपासून देईन.